सहा उंदरांच्या डेटावर पोस्टर पाठवावं का?

प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २१ दिवस रोज काही तास बंदिस्त ठेवून ताण दिलेले उंदीर आणि साधे उंदीर अशी तिची तुलना आहे. हिप्पोकॅम्पसच्या (स्मृती आणि भावनांशी जोडलेल्या मेंदूच्या भागाच्या) पातळ स्लाइस काढून सीए१ भागातल्या पिरॅमिडल पेशींवर, म्हणजे तिथल्या मुख्य चेतापेशींवर, ती पॅच क्लॅम्प करते (काचेची बारीक नळी चिकटवून पेशीतला विद्युतप्रवाह मोजते) आणि मिनी आयपीएससी मोजते, म्हणजे पेशीला शांत करणाऱ्या (इनहिबिटरी) सिनॅप्समधून, चेतापेशींच्या जोडांतून, आपोआप येणारे छोटे करंट. आतापर्यंत तीन उंदीर ताणाचे, तीन कंट्रोलचे, प्रत्येकी पाच पेशी. म्हणजे एकूण ३० पेशी. ताणाच्या गटात वारंवारता कमी दिसते, पेशींवर टी-टेस्ट लावली तर पी ०.०२ येतो (पी म्हणजे गटांत खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता). एका मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पोस्टर लावण्यासाठी आधी पाठवायच्या गोषवाऱ्याची, म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्टची मुदत तीन आठवड्यांवर आहे. गाईड म्हणतात, पाठव. हिला वाटतं, अजून थांबावं. शेवटी ती विचारते, "पहिलंच पोस्टर आहे. अर्धवट डेटावर पाठवलं तर हसं होईल का? आणि पोस्टर करायचं कसं?"

माझं उत्तर आधी सांगतो: पाठवा. पण आत्ता जे निष्कर्षाचं वाक्य तुमच्या मनात आहे, ते पाठवू नका.

तुमचा प्रश्न वरवर "डेटा पुरेसा आहे का" असा दिसतो. मला त्यात वेगळीच अडचण दिसते. अ‍ॅबस्ट्रॅक्ट आज लिहायचा, पोस्टर चार-पाच महिन्यांनी लावायचं आणि मधल्या काळात डेटा वाढत राहणार. आज लिहिलेलं वाक्य त्या दिवशी खरं असेल की नाही, हे तुम्हाला माहीत नाही. भीती त्याची आहे, आणि ती रास्त आहे. उपाय मात्र डेटा पूर्ण होईपर्यंत थांबणं हा नाही, कारण डेटा कधीच पूर्ण होत नाही. उरलेले उंदीर उलटे गेले तरी खोटं ठरणार नाही, असं वाक्य आज शोधायचं. पुढचं सगळं त्याभोवतीच आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बाजूला काढू. परिषद कोणती हे तुम्ही सांगितलेलं नाही आणि त्याने बराच फरक पडतो. सोसायटी फॉर न्यूरोसायन्सची वार्षिक सभा, जिला सगळे एसएफएन म्हणतात, तिथे वीस हजारांहून जास्त माणसं येतात. नियमात बसणारे बहुतेक अ‍ॅबस्ट्रॅक्ट तिथे स्वीकारले जातात. कॉसाइनसारख्या छोट्या, गणिती बाजूच्या परिषदेत दोन पानी मजकूर मागतात, परीक्षक तो बारकाईने वाचून गुण देतात आणि बरेच नाकारले जातात. युरोपातला फेन्स फोरम दर दोन वर्षांनी, सम वर्षी भरतो आणि त्याचे अ‍ॅबस्ट्रॅक्ट आदल्या हिवाळ्यातच मागवतात, म्हणजे मधलं अंतर तिथेही काही महिन्यांचं असतं. एसएफएनसारख्या ठिकाणी सहा उंदरांवर जाता येतं. कॉसाइनसारख्या ठिकाणी मी जाणार नाही. शिवाय कामात पेटंट घेण्यासारखं काही असेल, एखादा नवा रेणू किंवा उपकरण, तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट छापून येणं हे सार्वजनिक प्रकटन ठरू शकतं. तेव्हा संस्थेच्या पेटंट बघणाऱ्या माणसाशी आधी बोला. तुमच्या कामात तसं काही दिसत नाही.

आता आकड्यांकडे येऊ. इथे थोडा जास्त वेळ घालवतो, कारण पोस्टरसमोर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न इथूनच येणार आहे: "तुमचा एन (नमुन्यांची संख्या) किती?"

तुम्ही म्हणाल, ३०. विचारणारा म्हणेल, ३० काय? पेशी. उंदीर किती? सहा. आणि तो मान हलवेल. एका उंदराच्या पाच पेशी या पाच स्वतंत्र निरीक्षणं नसतात. तो उंदीर कसा वाढला, त्या दिवशी स्लाइस किती चांगल्या निघाल्या, द्रावणाची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) किती होती, हे सगळं त्या पाचही पेशींना सारखंच लागू असतं. एकाच उंदराच्या पेशी एकमेकींशी किती मिळत्याजुळत्या आहेत, याचं एक माप असतं, इंट्राक्लास कोरिलेशन. समजा ते ०.३ आहे; गणितासाठी धरलेला हा आकडा आहे, तुमचा तुम्ही काढा. प्रत्येक उंदराच्या पाच पेशी असतील तर तुमच्या ३० पेशींना १ + ४ × ०.३, म्हणजे २.२ ने भागायचं. राहिल्या साधारण १४. म्हणजे तुमच्या टी-टेस्टला वाटतंय तिच्याकडे ३० माणसांची साक्ष आहे, प्रत्यक्षात आहे चौदाएक जणांची. तो ०.०२ त्यामुळे असायला हवा त्याहून लहान दिसतो. ही चूक तुम्ही एकट्यानेच केलेली नाही. २०१४ मध्ये आर्ट्‌स आणि सहकाऱ्यांनी नामवंत नियतकालिकांतले ३१४ न्यूरोसायन्स लेख तपासले, तर निम्म्याहून थोड्या जास्त लेखांत अशी गटागटांत अडकलेली माहिती होती. अडचण सर्वत्र आहे म्हणून ती माफ होते असं नाही, पण प्रश्न विचारणाऱ्याला तो प्रश्न का सुचतो ते यावरून कळेल.

दुसऱ्या बाजूने पाहा. प्रत्येक उंदराची सरासरी काढा. आता तुमच्याकडे तीन आकडे इकडे, तीन तिकडे. सहा उंदीर तीन-तीनच्या दोन गटांत वाटण्याच्या रीती एकूण २०. तुमच्या ताणाच्या तिन्ही सरासऱ्या कंट्रोलच्या तिन्हींपेक्षा कमी असल्या, म्हणजे याहून स्वच्छ निकाल शक्यच नाही असा निकाल लागला, तरी क्रमवारीवर आधारलेली दोन बाजूंची चाचणी तुम्हाला २० पैकी २, म्हणजे ०.१ च्या खाली जाऊच देणार नाही. टी-टेस्ट लावून तुम्ही खाली जाऊ शकता, पण मग वितरण नॉर्मल (घंटेच्या आकाराचं) आहे हे गृहीत धरावं लागतं, आणि तीन ठिपक्यांवरून ते कुणाला दिसणार? आता प्रत्येक गटात एकच उंदीर वाढवा. चार-चारच्या वाटणीच्या रीती ७०, सर्वात लहान पी ०.०२९. पाच-पाच केले तर रीती २५२ आणि पी ०.००८ पर्यंत जाऊ शकतो. म्हणून तीन आठवड्यांत काही करायचंच असेल तर नव्या पेशींच्या मागे लागू नका. त्याच उंदरांतून आणखी दहा पेशी काढल्या तर आलेख भरगच्च दिसेल, आधार फारसा वाढणार नाही. दोन उंदीर वाढले, एक इकडे एक तिकडे, तर खूप फरक पडेल. अर्थात २१ दिवसांचा ताण आज सुरू केला तर मुदत संपल्यावरच संपेल. तुमच्याकडे आधीपासून मधल्या टप्प्यावर असलेली तुकडी असेल तरच हे जमेल. नसेल तर सहावर जा आणि सहा असं लिहा.

गाईड आणि तुम्ही यात कोण बरोबर, असं विचाराल तर दोघंही. "पाठव" हे गाईडचं बरोबर आहे, "हे वाक्य अजून पिकलेलं नाही" हे तुमचं.

ते वाक्य आता बघू. तुम्ही प्रश्नात दिलेला निष्कर्ष असा होता: "दीर्घकालीन ताणामुळे हिप्पोकॅम्पसमधील इनहिबिटरी सिनॅप्सची संख्या घटते आणि त्यातूनच चिंताग्रस्त वर्तन उद्भवतं."

या एका वाक्यात तुम्ही तीन ठिकाणी उडी मारली आहे. "घटते" हा पहिला मुद्दा. वर्तमानकाळात सांगितलेली गोष्ट नियम होते, सूर्य पूर्वेला उगवतो तशी. तुम्ही पाहिलंय ते तीन उंदरांत, मागच्या काही महिन्यांत. म्हणून भूतकाळ लावा: "कमी आढळली." दुसरी उडी "संख्या". तुम्ही सिनॅप्स मोजलेलेच नाहीत, मिनी आयपीएससींची वारंवारता मोजली आहे. ती कमी होण्याची किमान तीन कारणं असू शकतात: सिनॅप्स खरंच कमी झाले, किंवा तेवढेच आहेत पण प्रत्येकातून गाबा (पेशीला शांत करणारं रसायन) सुटण्याची शक्यता घटली, किंवा काही इव्हेंट (एकेक छोटे करंट) इतके छोटे झाले की तुमच्या सॉफ्टवेअरच्या उंबरठ्याखाली गेले आणि मोजलेच गेले नाहीत. तिसरं कारण फार लोक विसरतात. आयामाचं, म्हणजे करंटच्या उंचीचं, वितरण दाखवलंत, आणि दोन्ही गटांत डावीकडचा भाग सारखाच आहे असं दिसलं, तर ते कारण बरंच मागे पडतं. तिसरी उडी "त्यातूनच चिंताग्रस्त वर्तन". वर्तनाची चाचणी केली असेल, तरी सहा उंदरांवर हा संबंध जुळवणं म्हणजे दोन ढगांचा आकार सारखा दिसतो म्हणून नातं लावणं. हे पूर्णपणे काढून टाका.

मी लिहीन ते असं (नर उंदीर, आयाम आणि पेअर्ड पल्स हे तपशील मी धरलेत, तुमच्या कामात खरे असतील तेवढेच ठेवा): "२१ दिवस ताण दिलेल्या नर उंदरांच्या सीए१ पिरॅमिडल पेशींत मिनी आयपीएससींची वारंवारता कंट्रोलपेक्षा कमी आढळली (प्रत्येक गटात ३ उंदीर, १५ पेशी), आयाम मात्र जवळपास तेवढाच राहिला. ही घट सिनॅप्सच्या संख्येतली की गाबा सुटण्याच्या शक्यतेतली, हे पाहण्यासाठी पेअर्ड पल्स रेशोचे प्रयोग सुरू आहेत."

(पेअर्ड पल्स म्हणजे लागोपाठ दोन उद्दीपनं देऊन प्रतिसादांची तुलना; त्यावरून गाबा सुटण्याच्या शक्यतेचा अंदाज येतो.) हे वाक्य फिकं वाटेल. पण पुढच्या चार उंदरांत फरक नाहीसा झाला तरी ते खोटं पडत नाही, "पहिल्या तुकडीत आढळली, मोठ्या तुकडीत टिकली नाही" असं पुढे जोडता येतं. आणि वारंवारता खरंच कमी निघाली, तर अ‍ॅबस्ट्रॅक्टपेक्षा पोस्टर जास्त भक्कम असेल. उलटा प्रकार मात्र फार अवघडवाणा असतो. तो मी भोगलाय.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका औषधाने एक्सायटेटरी (पेशीला उत्तेजित करणाऱ्या) करंटची वारंवारता वाढते, असं मी अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये लिहिलं आणि शीर्षकातही "वाढवते" असंच क्रियापद ठेवलं. मुदत गेली. उन्हाळ्यात आठ उंदीर आणखी केले आणि परिणाम विरघळून गेला. कारण सापडायला महिना लागला. माझी सवय अशी होती की सकाळी कंट्रोलच्या स्लाइस रेकॉर्ड करायच्या आणि औषध घातलेल्या दुपारनंतर. म्हणजे औषधाच्या स्लाइस नेहमी चार-पाच तास जुन्या असायच्या. मी औषध मोजत नव्हतो, स्लाइसचं वय मोजत होतो. वहीत वेळा लिहिलेल्या होत्या म्हणून तरी सापडलं. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत शीर्षक "वाढवते" असंच छापलेलं होतं, बदलता येत नव्हतं. पोस्टरवर मी त्याला प्रश्नचिन्ह लावून "वाढवते का?" केलं. एक ज्येष्ठ संशोधिका पत्रिका हातात घेऊन आल्या, आधी पत्रिकेकडे पाहिलं, मग पोस्टरकडे, आणि विचारलं, "यातलं खरं कुठलं?" मी सकाळ-दुपारची गोष्ट सांगितली, वेळेप्रमाणे ठिपके मांडलेला आलेख दाखवला. त्या वीस मिनिटं थांबल्या, कारण त्यांच्याही प्रयोगशाळेत कंट्रोल सकाळीच होत असत. त्या तासाभरात माझ्याकडे आलेल्या बाकीच्या लोकांनी मात्र शीर्षक वाचून अपेक्षा बांधली होती आणि ते थोडे चिडूनच गेले.

म्हणून शीर्षकात निकाल देऊ नका. काय मोजलं आणि कशात मोजलं, एवढं द्या: "दीर्घकालीन ताणानंतर सीए१ मधील मिनी आयपीएससी" या धर्तीवर. हे इंग्रजीत लिहितानाही तितकंच लागू पडतं. आणि तुमच्या रेकॉर्डिंगचा क्रम आजच तपासा. ताणाचे उंदीर दिवसाच्या कुठल्या वेळी होत होते? गटाचं नाव न पाहता इव्हेंट मोजले का? मोजणाऱ्याला गट माहीत असेल, तर अजून वेळ आहे, दुसऱ्या कुणाकडून फाइलींची नावं बदलून घ्या आणि पुन्हा मोजा. एका दिवसाचं काम आहे. त्यात तुमचा फरक टिकला तर पोस्टरसमोर मान ताठ राहील.

अर्जाच्या यांत्रिक भागावर फार बोलत नाही, नियमावली वाचली की कळतं. तरी दोन-तीन गोष्टी. अक्षरमर्यादा कडक असते. एसएफएनची २,३०० कॅरेक्टरची आहे, म्हणजे इंग्रजीत तीनशेच्या आसपास शब्द. त्यात पार्श्वभूमीला तीन वाक्यांपेक्षा जास्त देऊ नका. पहिला खर्डा लिहून झाला की पहिली दोन वाक्यं खोडून पाहा. बहुतेक वेळा काहीच हरवत नाही. एका व्यक्तीला प्रथम लेखक म्हणून एकच अ‍ॅबस्ट्रॅक्ट देता येतो, असा नियम काही परिषदांत असतो. सादरकर्ता सदस्य असावा किंवा सदस्याने शिफारस केलेला असावा, अशीही अट असते. सदस्यत्व मंजूर व्हायला दिवस लागतात, ते आज करा. सगळ्या सहलेखकांना मजकूर किमान आठवडाभर आधी पाठवा. आदल्या रात्री "सर, फक्त एकदा बघता का" असा निरोप पाठवणं टाळा. ज्याने तुमच्यासाठी उंदरांना ताण दिला तो तंत्रज्ञ लेखकांत की आभारांत, हा विषय मुदतीच्या दिवशी निघाला की कटकट होते. आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांची नैतिकता समितीची मंजुरी तयार ठेवा, अर्जात तसं विचारू शकतात.

विषयगट निवडणं मात्र लोक घाईत उरकतात आणि पस्तावतात. एसएफएनमध्ये ए ते जे अशा अक्षरांचे गट आहेत. तुमचं काम बी गटात बसतं, जिथे सिनॅप्स आणि ग्लिया (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) आहेत. एफ गटातही बसतं, जिथे ताण आणि मेंदू येतो. ओढून ताणून जी गटातही बसेल, तिथे भावना आणि प्रेरणा आहेत. गट निवडणं म्हणजे शेजारी निवडणं. बीमध्ये गेलात तर डावी-उजवीकडे पॅच करणारे असतील आणि तुमच्या सिरीज रेझिस्टन्सवर (नळी आणि पेशी यांच्यामधल्या विद्युतरोधावर) बारीक प्रश्न येतील. एफमध्ये गेलात तर ताण किती दिवस, कसा, कॉर्टिकोस्टेरॉन (ताणाचं संप्रेरक) मोजलं का, असं विचारतील. तुम्हाला पुढचे सहा महिने कुठल्या प्रश्नाचं उत्तर हवंय, त्यावरून ठरवा. पेअर्ड पल्स पुढे करायचं असेल तर मी बी घेईन.

आता पोस्टर. इथे बहुतेकांची पहिली चूक ही की ते लेखाचा मसुदा मोठ्या कागदावर चिकटवतात. पोस्टरला माणूस दोन मीटरवरून, चालता चालता, कानात दुसऱ्याचं बोलणं ऐकत पाहतो. २०१९ मध्ये माइक मॉरिसन या मानसशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याने मधोमध मोठ्या अक्षरांत एकच निष्कर्ष लिहिलेलं पोस्टर सुचवलं आणि ते खूप गाजलं. मला ते अर्धंच पटतं. निष्कर्ष मोठा हवा हे खरं, पण तुमच्यासारख्या चालू कामात निष्कर्षापेक्षा आलेख मोठा असावा. तुमचं एक चित्र पोस्टरचा तिसरा भाग व्यापू दे.

ते चित्र कोणतं? माझ्या डोळ्यांसमोर येतं ते असं. वर दोन ट्रेस (करंटच्या नोंदीच्या रेषा), एक कंट्रोलचा, एक ताणाचा, दोन्ही एकाच मापात, स्केल बारसकट (माप दाखवणाऱ्या छोट्या रेघेसकट). स्केल बार विसरू नका. तो नसेल तर पॅच करणारा माणूस पुढे वाचतच नाही. उजव्या कोपऱ्यात तिसरा छोटा ट्रेस, गॅबाझिन (गाबाचा परिणाम रोखणारं औषध) घातल्यावर सपाट झालेला. तो एक ट्रेस तीन वाक्यांचं काम करतो: हे खरंच गाबाचे करंट होते, गोंगाट नव्हता. खाली आलेख, त्यात प्रत्येक पेशी एक फिकट ठिपका आणि प्रत्येक उंदराची सरासरी एक ठळक ठिपका. सरासरीचा खांब नको. सहा उंदरांवर खांब उभारला की तो सहाशेंचा वाटतो. ठिपके दिसले की समोरचा स्वतःच मोजतो आणि तुम्हाला एन विचारायची वेळ येत नाही.

रंग निवडताना लाल-हिरवं टाळा. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण दर बारांत एकाला हे दोन रंग नीट वेगळे दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाची चित्रं लावत असाल तर लाल-हिरव्याऐवजी मॅजेंटा-हिरवं घ्या. अक्षराचं माप २४ पॉइंटच्या खाली नको. याची एक सोपी चाचणी आहे. ए-झिरोचं पोस्टर साध्या ए-फोर कागदावर छापा. लांबी-रुंदी दोन्ही बरोबर चौपट कमी होतात, म्हणजे २४ चं अक्षर ६ पॉइंटचं होतं. हात लांब करून जे वाचता येत नाही ते पोस्टरवर छोटं आहे. आणि बोर्ड आडवा की उभा हे छापण्याआधी पाहा. माझ्या एका विद्यार्थ्याने उभं पोस्टर नेलं, बोर्ड आडवा होता. खालचा निष्कर्षाचा भाग बोर्डाखाली लोंबत होता, आणि वाचायचा तर वाकावं लागत होतं.

एकाच मुद्द्याचं पोस्टर काय करू शकतं, याचं आमच्या क्षेत्रातलं एक खरं उदाहरण सांगतो. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मेंदूच्या प्रतिमांकनाची मोठी परिषद भरली. त्यात क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक पोस्टर लावलं. त्यांनी मेलेल्या अटलांटिक सॅमन माशाला एफएमआरआय स्कॅनरमध्ये (मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या यंत्रात) ठेवलं, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि त्यातल्या माणसांना काय वाटतंय असं विचारलं. हजारो बिंदूंची एकेक चाचणी करून, कसलीही दुरुस्ती न करता निकाल काढले, तर मेलेल्या माशाच्या मेंदूत "हालचाल" दिसली. अनेक चाचण्यांची दुरुस्ती लावली की ती नाहीशी झाली. त्या पोस्टरला २०१२ मध्ये इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळालं. त्याचा एन एक होता, आणि तो मासा मेलेला होता. तरी लोक थांबले, कारण पोस्टर एकच गोष्ट सांगत होतं आणि ती गोष्ट त्याच्या डेटाला पूर्णपणे पेलत होती.

उभं राहण्याबद्दल. एसएफएनसारख्या सभेत पोस्टर चार तास लागतं, आणि तुम्ही ठरवून दिलेला एक तास तिथे असणं सक्तीचं असतं. सरावासाठी दोन मिनिटांत सांगायची एक गोष्ट तयार ठेवा, आणि तिची सुरुवात "आम्ही" ने नको, प्रश्नाने करा. मग समोरच्याला विचारा, "तुम्ही कुठल्या कामात आहात?" पॅच करणारा असेल तर सरळ ट्रेसवर जा, वर्तनाचा अभ्यासक असेल तर ताणाच्या पद्धतीवर. दोघांनाही तीच गोष्ट त्याच क्रमाने सांगितली तर एक जण नक्की कंटाळतो. आणि पाठांतर करून पाठ म्हणू नका. तिसऱ्या माणसापर्यंत आवाज रेडिओसारखा होतो.

प्रश्न येणार आहेत, त्यांतले काही मी आत्ताच सांगतो, उत्तरं तयार ठेवा. उंदीर नर की मादी, आणि फक्त नरच का? २०११ मध्ये बीअरी आणि झुकर यांनी दाखवलं होतं की प्राण्यांवरच्या मेंदूविज्ञानाच्या एकाच लिंगावर केलेल्या अभ्यासांत नरांवरचे अभ्यास माद्यांवरच्यांच्या साडेपाचपट होते. २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अनुदानाच्या अर्जात दोन्ही लिंगांचा विचार मागायला सुरुवात केली. "सोयीचं होतं म्हणून नर घेतले, माद्या पुढच्या तुकडीत आहेत" हे खरं असेल तर तेच सांगा. सिरीज रेझिस्टन्स रेकॉर्डिंगमध्ये किती बदलला आणि किती पेशी त्यासाठी टाकल्या? हा आकडा पोस्टरच्या कोपऱ्यात छापून टाका, विचारायचीच गरज पडणार नाही. ताण उंदरांना खरंच बसला हे कशावरून? वजन, कॉर्टिकोस्टेरॉन, काही तरी दाखवा. आणि "मी पाहिलेलं नाही" हे उत्तर मनात धरून ठेवा. ते शब्द घाईने, अपराधी चेहऱ्याने न म्हणता सरळ म्हणायची सवय करा, आणि पुढे विचारा, "तुम्ही असता तर आधी काय पाहिलं असतं?" पहिल्या पोस्टरवर मला मिळालेली सगळ्यात उपयोगी सूचना याच प्रश्नाला आलेलं उत्तर होती.

न पाठवण्याच्या दोनच परिस्थिती मला मान्य आहेत: गटाचं नाव न पाहता मोजणी पुन्हा केली आणि फरक गेला, किंवा ताणाचे तिन्ही उंदीर एकाच दिवशी, एकाच बॅचच्या द्रावणात झालेत आणि कंट्रोल दुसऱ्या दिवशी. तेव्हा तुमच्याकडे गटांची तुलना नाही, दिवसांची तुलना आहे. गाईडला वहीतल्या तारखा दाखवा. बहुतेक गाईड आकड्यांवर वाद घालतात, तारखांवर घालत नाहीत.

तर पुढचे तीन आठवडे मी असे वाटून घेईन. पहिल्या तीन दिवसांत वहीतल्या तारखा आणि वेळा तपासणं, सदस्यत्वाचा अर्ज. मग अंध मोजणी (गटाचं नाव न पाहता केलेली) आणि उंदीरवार सरासऱ्या. दुसऱ्या आठवड्यात खर्डा, शीर्षकात निकाल नाही, निष्कर्ष भूतकाळात, कंसात उंदीर आणि पेशी दोन्ही. तिसऱ्या आठवड्यात सहलेखकांकडे. पोस्टरचं डिझाइन आत्ता अजिबात उघडू नका. तो दोन महिन्यांनंतरचा विषय आहे, तोपर्यंत उंदीर आठ-दहा झालेले असतील आणि आलेखच बदललेला असेल.

अंध मोजणीचा निकाल काय लागला ते जमल्यास कळवा. आयामाच्या वितरणाचा आलेखही काढलात तर बरं, मिनी इव्हेंटचा उंबरठा कुठे ठेवलाय त्यावरून पुढे बोलता येईल.